वांगी झक्कास, पण...

"अगंबाई, बिचारी पोर! आई मुक्कामाच्या ड्युटीवर गेली की हाल होतात गं तुझे," म्हणत शेजारच्या दळवीकाकूंनी भरल्या वांग्यांची वाटी माझ्या हातात ठेवली. डोक्यावरून मायेनं हातही फिरवला.

वांगी झक्कास होती. तरी मला संशय आहेच. माझी आई एसटीत कंडक्टर आहे. ती घरी असली की काकूंकडून साधी चटणीही येत नाही. शिवाय 'बिचारी' म्हणताना त्यांची नजर माझ्यावर नसते, आमच्या स्वयंपाकघरात असते! हे 'बिचारी' ऐकून ऐकून आईनं आता मुक्काम सोडून ऑफिसातलं काम मागायचं ठरवलंय. पण तिला गाडीवरचंच काम आवडतं, हे मला पक्कं माहितीये.

रिकामी वाटी परत देत नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी मी शिरा भरून नेला. नुकतीच ड्युटीवरून आलेली आईही खाकी कपड्यांतच सोबत आली.

काकूंनी घास घेतला. "सुरेख! कोणी केला गं?"

"बाबांनी. रोज तेच करतात स्वयंपाक."

काकूंचा चमचा थांबला. "अरेरे! बिचारे!"

मी घाबरून आईकडे बघितलं. आता हिचा चेहरा पडणार! पण ती एकदम खो खो हसत सुटली. काकूंना काही कळेना.

घरात पाऊल टाकताच आई बाबांना म्हणाली, "अहो बिचारे, उद्याचा गुहागर मुक्काम मी घेतेय. डबा द्याल ना?"