बॉनेटवरचे चार पट्टे

"हात नाय लावायचा काका, नुसतं बघून सांगायचं," म्हणत नौमानने बॉनेटवरच्या चिकटपट्ट्या ओढून काढल्या.

श्यामसुंदररावांनी चष्मा पुसला. सकाळपासून तो त्यांनी इतक्यांदा पुसला होता की काचेलाच कंटाळा यावा. त्यांच्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर नौमानने काल संध्याकाळी चार पट्टे आखले होते. एकावर वॅक्स, एकावर सीलंट, एकावर कोटिंग आणि एक जसा होता तसा, कोरा. कुठे काय लावलंय ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्यातला वॅक्सचा पट्टा काकांनी नजरेने ओळखायचा, अशी पैज होती.

सानपाड्याच्या या सोसायटीत दर रविवारी पार्किंगमध्ये हे भांडण रंगायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या नौमानचं जुईनगरला गाड्या चमकवायचं दुकान होतं. वॅक्स हा रिटायर माणसांचा टाइमपास, महिन्याभरात धुऊन जातं. सीलंट सहा महिने तग धरतं. कोटिंग एकदा केलं की दोन-तीन वर्षं बघायला नको, असं तो छातीठोकपणे सांगायचा. काका म्हणायचे, तुझ्या कोटिंगची चमक स्टीलच्या ताटाची, वरवरची. रंगाला खोली आणावी ती वॅक्सनेच, आणि तीही हाताने चोळून. ऐकायला सेक्रेटरी अभय असायचाच, आजही होता. नौमानने आजवर काकांचा एकही मुद्दा मुकाट्याने मान्य केला नव्हता आणि म्हणूनच तो काकांना आवडायचा.

आज मात्र काकांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पनवेलच्या हॉस्पिटलातून गीतांजलीला घरी सोडणार होते. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, नात पहिल्यांदा घरी येणार, आणि तिला आणायला आजोबाच गाडी घेऊन जाणार हे त्यांनी डोहाळजेवणातच जाहीर करून टाकलं होतं. मिरवायची हौस दांडगी. पण गेले काही दिवस नजरेच्या मधोमध धुरकट ठिपका येऊन बसला होता. जे बघायला जावं तेच नेमकं पुसट व्हायचं. चष्म्याचा नंबर बदललाय, असं त्यांनी बायकोला, सुमेधाताईंना, सांगितलं होतं आणि स्वतःलाही. परवा वाशीच्या सिग्नलला दिवा लाल झालाय हे त्यांना पुढची रिक्षा थांबली म्हणून कळलं. त्या वेळी ते मनातून घाबरले होते, आणि घाबरलो म्हणून स्वतःवरच चिडले होते.

ते वाकले. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, मागे सरकले, परत पुढे आले. वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब कुठे धारदार पडतं नि कुठे विस्कटतं, त्यावरून हा खेळ त्यांना चुटकीसरशी जमायचा. आज या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता पांढरा फराटा होता. सुमेधा कुठल्याही क्षणी खाली येईल, त्याआधी हे उरकायला हवं होतं.

"हा," त्यांनी डावीकडच्या पट्ट्यावर बोट रोखलं. "हा वॅक्सचा. रंग बघ कसा आतून वर आलाय. ही खोली तुझ्या कोटिंगला सात जन्मांत यायची नाही."

अभयने घसा खाकरला.

"हो काका," नौमान म्हणाला. "तुमीच जिंकले."

काका वाट बघत राहिले. आता तो म्हणेल, उजेड त्या बाजूला जास्त आहे. म्हणेल, महिनाभर थांबा, मग बोलू. पण नौमान चिकटपट्ट्यांचा गोळा करत होता. हाताने चोळायची बातच वेगळी, असंही वर म्हणाला, आणि तेही आजाऱ्याला भेटायला आलेले लोक बोलतात तशा आवाजात.

काकांनी त्याच पट्ट्यावर तळवा टेकवला. हात लावायचा नाही असं ठरलं होतं, पण नौमानने अडवलं नाही. वॅक्सवरून हात कसा सरसर जातो. इथे तो जागोजागी अडत होता, आणि मग बोटांखाली तो खडबडीत डाग आला. मे महिन्यात कबुतरांच्या विष्ठेने रंग खाल्ला होता तिथला, चांगला बशीएवढा. हा कोरा पट्टा होता. एवढा मोठा डाग समोर असून त्यांना दिसला नव्हता.

तेवढ्यात लिफ्टमधून सुमेधाताई आल्या. एका हातात दुपट्यांची पिशवी, दुसऱ्यात थर्मास. गीतूचे दोन फोन येऊन गेले, पप्पा निघाले का विचारत होती, असं सांगत त्यांनी सामान मागच्या सीटवर ठेवलं.

किल्ली काकांच्या मुठीत होती. रविवारचा मोकळा रस्ता, त्यातलं वळण न् वळण पाठ. हळू गेलो तर कुणाला कळणारही नाही, असं त्यांच्या मनात आलं. मग फोनवर आलेला नातीचा फोटो आठवला. सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून तेही म्हणाले होते, अगदी गीतूवर गेलीय. तिचा चेहरा त्यांना अजून एकदाही नीट दिसलेला नव्हता.

त्यांनी किल्ली नौमानपुढे धरली.

"पनवेलला जाऊन येऊ. तू चालव."

नौमानने किल्ली घेतली नाही. "माझं ड्रायव्हिंग तुमाला कधी पटलं नाय, काका."

"अजूनही नाही पटत," श्यामसुंदरराव म्हणाले. सुमेधाताई त्यांच्याकडे वळून बघत होत्या, पण ते थांबले नाहीत. "पण तुला दिसतं."