तिसरी हाक

पहिली हाक ऐकू आली तेव्हा कंग लिआन स्वतःच्याच घराच्या मागच्या गल्लीत पोचला होता.

"लिआन! परत ये!"

त्याने वर पाहिलं. बायको छपरावर उत्तरेकडे तोंड करून उभी होती. त्याचा दरबारी झगा हवेत हलवत होती. लग्नानंतर तिने त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. मेलेल्याच्या आत्म्याला मात्र छपरावरून तीनदा नावानेच बोलवावं लागतं.

भर दुपार होती. गल्लीत कुत्रंही नव्हतं.

लिआन गढीतल्या धान्यकोठाराचा अधिकारी. चीनच्या हान घराण्याचा सम्राट कुठल्या सेनापतीच्या छावणीत आहे, हे त्या साली दर महिन्याला बदलत होतं. शत्रूने गढी घेतली तेव्हा कोठाराच्या किल्ल्या देऊन लिआनने जीव वाचवला आणि पुढे संधी साधून पळाला. घरी बातमी आली होती ती तो तटावर लढताना पडल्याची.

भिंतीपलीकडून अनोळखी आवाज आला. "आजी, सगळं रीतसर होऊ द्या. सेनापतींनी मला बघायलाच पाठवलंय. तुमचा पोरगा मेला असेल तर मानाने निरोप देऊ. शरण गेला असेल, तर घरातलं एकही डोकं धडावर ठेवायचं नाही."

लिआन जागीच थिजला.

"लिआन! परत—"

बायकोने त्याला पाहिलं होतं. झगा तिच्या हातात लोंबत राहिला. मग तिने अगदी हळू मान हलवली. नाही.

"का हो बाई, अडखळलात? काय दिसलं तिकडे?"

"तिला काय विचारता? रडून रडून आवाज गेलाय तिचा," लिआनची आई फणकारली. "माझं पोर आहे. मी बोलावते."

अंगणातून तिसरी हाक आली. जेवणाच्या वेळी यायची तशीच.

"लिआन! अरे, कुठे राहिलास? ये ना!"

"आलो, आई!"

शब्द निघून गेल्यावर त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

आत काहीतरी खळकन फुटलं.

"मेलाय," तोच आवाज आला, आता बारीक, कापरा. "माझ्या कानांनी ऐकलं. नक्की मेलाय. घोडी काढा रे!"

टापा दूर गेल्या. आई हसत होती, रडत होती. "आला गं, आला माझा! दारं लाव आधी, आत्मा पुन्हा निसटेल!"

बायको छपरावरून उतरून मागच्या दारात आली. तिने गल्लीत उभ्या लिआनकडे एकदा नीट पाहिलं, दार ओढलं आणि आतून अडसर घातला.