धुरकट ज्वाळा

दादाचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये आणि शर्यत उद्यावर आलेली, म्हणून त्याच्या रिमोटच्या गाडीची बॉडी, म्हणजे वरचं पारदर्शक प्लॅस्टिकचं कवच, रंगवायला माझ्या हाती आली. एरवी तो मला तिच्याजवळ फिरकूही देत नसे. लहानपणी मी हात लावला आणि त्याची पहिलीवहिली बॉडी धुरकट झाली, तेव्हापासून.

तो सांगेल तशी मी आतून रंगवत गेले. आधी ज्वाळांच्या बारीक कडा, मग पिवळा, मग नारिंगी, सगळ्यात शेवटी काळा. वाळल्यावर बॉडी उलटी करून बाहेरून पाहिली. ज्वाळांवर साय धरल्यासारखं झालं होतं, वर ओरखडे. अगदी तेव्हासारखंच.

"दादा, माझा हातगुणच वाईट रे."

त्याने डाव्या हाताच्या नखाने चाकाजवळची कड खरवडली. अख्ख्या बॉडीवरून एक पातळ प्लॅस्टिक सोलून निघालं आणि खालच्या ज्वाळा लखलखल्या.

"नवीन बॉडीवर बाहेरून हे लावलेलंच असतं, ओरखडे पडू नयेत म्हणून. तुला सांगायचं राहिलं."

मला हसूच फुटलं. हसता हसता आठवलं.

"आणि ती पहिली?"

तो प्लॅस्टिकची गुंडाळी करत राहिला. "तीही अशीच होती. दुसरी रंगवताना कळलं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तोवर तुझ्यावर ओरडून झालं होतं."