सांडव्याला बांधलेला दोरा

झाकण थडथडलं. सकाळचा चहा झाल्यापासून घर गप्प होतं, पहिला आवाज केला तो चुलीवर भात शिजत असलेल्या गंजाने. वाफेने झाकण एका बाजूने उचललं, फस्स करून वाफ निघून गेली, झाकण परत खाली बसलं. शामकला चुलीपाशी उकिडवी बसून ते बघत होती.

"माय, यावर पाटा ठेवू का? मंग नाही वाजणार."

"नोको वं. वाफेले जागा लागते. नाही तं गंज फुटंन," प्रेमिला म्हणाली, आणि हातातला चाटू तसाच राहिला.

काल दसरा होता. राइस मिलचं इंजिन काल बंद होतं, धुऊन-पुसून पूजेला मांडलेलं. आज तिचा नवरा टेकचंद, मिलचा मिस्त्री, ते सुरू करणार होता. नुसतं सुरू नाही. नंदलाल सेठनी मिलिटरीच्या भंगारातून एक पंखा आणला होता. इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर तो फिरतो आणि फिरताना इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. मग एकाच इंजिनावर धान सडायचे दोन्ही हलर चालतात म्हणे. टेकचंदने धुराचा नळ नव्याने वाकवला होता. वळणं आतून कानशीने घासली, धूर कुठे अडू नये म्हणून. पोळ्याच्या आधी एकदा चालवून पाहिलं, तर पंखा इतका फिरला की त्याचं एक पातं तुटून पत्रा फोडून गेलं. टेकचंदच्या कानाजवळून. सेठ म्हणाले, "एक बार और देखते हैं मिस्त्री. इस बार बिगड़ा, तो निकाल के फेंक देना."

म्हणून या खेपेला पातं बदलून त्याने नळाला बाजूने एक फाटा काढला होता. फाट्याच्या तोंडावर झडप, झडपेला दांडी, दांडीच्या टोकाला लोखंडाचं वजन. आज सकाळी चहा पिताना तो तिला समजावत होता. "तुह्या माहेरी चोरखमाऱ्याच्या तलावाले सांडवा हाय ना? पाणी जास्त झालं का तिकडून निघून जाते, पाळ फुटत नाही. तसंच हे. धूर जास्त झाला का दांडी उचलते, झडप उघडते." प्रेमिला हो हो म्हणत होती. शामकलेचे केस विंचरत होती. अर्धं ऐकलं, अर्धं नाही.

आता गंजाचं झाकण पुन्हा उचललं. आता तिला त्याचं सगळं बोलणं ऐकू आलं.

काल पूजेला बायका गेल्या होत्या. कोणी इंजिनाला कुंकू लावलं, कोणी हार घातला. टेकचंद परवाच म्हणाला होता, माझा जीव त्या दांडीवर आहे. तेवढंच तिच्या लक्षात राहिलं होतं. वटपौर्णिमेचा हळदीचा दोरा घरी उरला होता. तो तिने नेला. दांडी आणि नळ, दोन्ही मिळून, वडाला गुंडाळतो तसा तिने गुंडाळला. फेरा घेताना नवऱ्याचं नाव मनात घेतलं. गाठ पक्की मारली. वरून झेंडूचा हार आला आणि दोरा झाकून गेला. बांधलेली दांडी आता उचलणार कशी?

तिने शामकलेला काखेत घेतलं. चूल तशीच टाकून मिलच्या धान वाळवायच्या पटांगणातून ती पळाली. इंजिनघराचं दार लावलेलं होतं. दाराशी हलरवरचा बकाराम उभा होता.

"वहिनी, आत नाही जाता येत. मिस्त्रीनं सगळ्याइले बाहेर काढलं."

"दोरा सोडाचा हाय."

"कोणता दोरा?"

"पूजेचा. दांडीचा. वडाचा हाय तो."

बकाराम हसला. "वडाचा दोरा सोडते का कोणी? नवरा आत उभा हाय तुमचा."

खरंच, असा दोरा कोणी सोडतं का? सोडला तर काय होईल? आणि नाही सोडला तर? दोन्हीकडून तिला नवऱ्याचं मरणच दिसत होतं. आत इंजिनाने धाप टाकली, मग दुसरी, मग धापांची ओळ लागली. त्यांच्यावरून एक बारीक शीळ निघाली आणि चढत गेली. ती दारावर थापा मारू लागली. शिळेत थापा कुठे ऐकू येणार? शामकलेने कानांवर हात ठेवले. शीळ किंचाळी झाली. बकाराम दारापासून मागे सरकला.

मग फस्स झालं. भिंतीतून बाहेर काढलेल्या नळाच्या फाट्यातून काळा धूर बाहेर पडला. किंचाळी उतरली आणि एकसारखी घुमत राहिली. इंजिन चालत होतं.

दार उघडलं. टेकचंदचं तोंड काजळीने भरलेलं होतं, दात तेवढे दिसत होते.

"चालला सांडवा," तो बकारामला म्हणाला. "पण मरत होतो बे आज. झडप उघडेच ना. पाह्यतो तं हाराखाली दांडीले दोरा बांधलेला. हात घालाव तं नळ लाल झालेला. म्या म्हटलं, संपलं. तेवढ्यात जळून तुटला आन झडप उघडली."

"पूजेचा दोरा होता मिस्त्री," बकाराम म्हणाला. "म्हूनच वाचले तुमी."

टेकचंदने मूठ उघडली. तळहातावर दोऱ्याचा तुकडा होता. एक टोक काळं, दुसऱ्यावर अजून हळद. त्याने तो ओळखला. मग प्रेमिलाकडे पाहिलं. रागावला नाही, हसलाही नाही. तळहात तसाच तिच्यापुढे धरला.

शामकलेने काखेतून वाकून तो तुकडा उचलला आणि आईच्या तोंडापुढे धरला.

"माय, तूनं बांधला म्हून बाबा वाचले, का जळला म्हून?"