नोएडातला दर्या

वडील गेल्यावर विश्वासने आईला वेंगुर्ल्याहून नोएडाला, चौदाव्या मजल्यावर आणलं. "नारळी पौर्णिमा झाली की सोडतो तुला गावी," असं म्हणता म्हणता दोन श्रावण सरले.

आई फारच झुरू लागली, तेव्हा त्याने टीपॉयवर काचेच्या चिमुकल्या टाकीत खारं पाणी, दगड, शेवाळ घालून तिच्यासाठी समुद्रच मांडला.

"आणि मासे रे?"

"एवढ्याशा जागेत? कोंडमारा होईल गं त्यांचा!" म्हणत तो रोजच्यासारखा बाहेरून कुलूप घालून ऑफिसला गेला. आईला हिंदी येत नाही, उगाच कुणालाही दार उघडायची!

नारळी पौर्णिमेला संध्याकाळी त्याने कुलूप काढलं. टीपॉयखाली पाणीच पाणी, टाकीत कुंकू लावलेला नारळ, आणि पिशवी भरून दाराशी बसलेली आई.



"दर्याला नारळ वाहिला, बाबा. आता सोड मला."