रिकाम्या खुर्च्यांची चाचणी

अर्पिता सकाळच्या एसटीनं दिग्रसहून आली आणि पाणीपुरवठा कार्यालयातले सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडून तिनं आपल्या तक्रार सॉफ्टवेअरची चाचणी सुरू केली. कार्यालयाचे प्रमुख गावंडे साहेबांनी आज मंजुरी दिली नाही, तर तिची वर्षभराची मेहनत मातीत जाणार होती. खुर्च्या नेहमीसारख्याच रिकाम्या. बाबू लोक टपरीवर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसलेले. पण कॉम्प्युटरांना कोणाचीच गरज नव्हती. प्रत्येक पडद्यावर 'नळाला पाणी नाही' अशी खोटी तक्रार आपोआप भरली जात होती आणि लगेच 'निकाली' हे बटणही आपोआप दाबलं जात होतं.

गावंडे साहेब तोंड उघडं टाकून पाहत राहिले.

"पोरी, या ऑफिसात एवढं काम होताना मी पयल्यांदाच पाह्यलं."

"साहेब, हे काम नाही. सॉफ्टवेअर बरोबर चालते का, ते तपासून राह्यली मी. सोमवारपासून तुमचे लोक बसून खऱ्या तक्रारी सोडवतील."

"लोक कायले? हेच चालू ठेव. खऱ्या तक्रारीबी याच्यातच टाक."

"अहो, पण याच्यात नुसतं 'निकाली' लिहून येते! नळाले पाणी कुठं येते?"

साहेबांनी मंजुरीच्या कागदावर झोकात सही ठोकली.

"मंग आतापर्यंत आमी दुसरं काय करून राह्यलो होतो? फक्त त्याले बारा माणसं लागत होती."