'कोरड'चा हाउसफुल्ल प्रयोग

पडद्याच्या फटीतून भूमिकानं प्रेक्षागृहात डोकावून पाहिलं आणि आयोजकाला विचारलं, "आज इथं दुसराही काही कार्यक्रम आहे का?"

नव्हता. मे महिन्यातली भर दुपार होती, बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं आणि प्रेक्षागृह खच्चून भरलं होतं. आजवर तिच्या प्रयोगांना नातेवाईक तेवढे येत, तेही बहुधा लग्नपत्रिका वाटता वाटता.

भूमिकाचं काम नृत्य, नाटक आणि चित्र यांच्या मधोमध कुठंतरी चालायचं. नाचणारे त्याला नाटक म्हणत, नाटकवाले चित्र म्हणत आणि चित्रकार चहाला निघून जात. 'कोरड'मध्ये ती नाचायची, स्वतःशीच बोलायची, बराच वेळ नुसती उभी राहायची आणि शेवटी निळ्या रंगात बुडवलेल्या तळपायांनी पांढऱ्या मलमलीवर नदी काढायची. मलमल वडिलांच्या, देवरावांच्या, गांधीबागेतल्या दुकानातली. अटही त्यांचीच.

"अर्धा तरी हॉल भरला पाह्यजे. नाही भरला, तर हे सारं बंद. सोमवारपासून शाळेत जाचं, समर कॅम्पच्या गॅदरिंगचे नाच बसवाले. मी बोलून ठेवलं हाये."

आता तेही फटीतून पाहत होते. "हे सारे तुले पाहाले आले?"

"माझं काम पाहायला, बाबा."

"अस्सं," देवराव म्हणाले. कापडाच्या धंद्यात ते हा शब्द गिऱ्हाईक खोटं बोलतं तेव्हा वापरत.

लोक सहकुटुंब आले होते. आज्या होत्या, तान्ही पोरं होती, चिवड्याचे डबे होते. पुढच्या रांगा सोडून त्यांनी एसीखालच्या खुर्च्या आधी धरल्या. पूर्ण चित्र लांबूनच दिसतं, हे नागपूरला कळू लागलं म्हणायचं. कित्येकांनी तर बसल्या बसल्या डोळे मिटले. एवढी पूर्वतयारी भूमिकानं पुण्यातही पाहिली नव्हती.

प्रयोग सुरू झाला. ती नुसती उभी राहिली, तरी कोणी खोकलं नाही. नदी पूर्ण झाली, दिवे मंदावले, ती वाकली. टाळ्या झाल्या. पण उठलं कोणीच नाही. थोडी चुळबुळ झाली आणि मधल्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

लगेच सगळा हॉल तेच ओरडू लागला. गाण्याला वन्स मोअर मिळतो, लावणीला मिळतो. नुसतं उभं राहण्याला भूमिकाला तो पहिल्यांदाच मिळत होता. ती विंगेत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. देवरावांनी कात्री उचलली आणि नवा तागा फाडला.

"शाळेत नाही म्हणून सांगतो," ते म्हणाले. "कर तू."

दुसऱ्या वेळची नदी अर्ध्यावर आली होती. तेवढ्यात एका बाईंचा मोबाइल वाजला.

"आली? कूलर लाव, पाणी टाक त्याच्यात. निघालोच!" आणि मग त्या साऱ्या हॉलला उद्देशून म्हणाल्या, "चला वं, लाइट आली!"

सकाळी वस्तीतली विजेची डीपी जळली होती आणि तेव्हापासून घरोघरचे कूलर बंद होते. हॉलला जनरेटर होता आणि 'कोरड'ला प्रवेश विनामूल्य होता. हॉल बघता बघता रिकामा झाला. आज्या सर्वांत आधी बाहेर पडल्या.

भूमिका एक पाय उचलून तशीच उभी होती. पायातून निळे थेंब पडत होते. देवराव रंगमंचावर आले आणि मलमलीची कोरी बाजू गुंडाळू लागले.

"समजलं ना वं आता?" ते हळूच म्हणाले. "सोमवारी चाल शाळेत."

तेव्हा दोघांनाही ते दिसले. मधल्या रांगेत एक गृहस्थ चपला काढून, खुर्चीवर मांडी घालून निवांत बसले होते.

"काका, तुम्ही नाही गेलात?" भूमिकानं विचारलं.

"आमच्या गल्लीत नाही आली अजून. आम्ही दुसऱ्या डीपीवर आहो ना. आली की मिसेस फोन करणार आहे." त्यांनी हात हलवून परवानगी दिली. "तुम्ही करा ना ताई. चालू द्या तुमचं."

भूमिकानं वडिलांच्या हातातून मलमल घेतली आणि पुन्हा पसरली. पाय रंगात बुडवला. मग ती त्या गृहस्थांकडे वळली.

"काका," ती अदबीनं म्हणाली, "मोबाइल तेवढा बंद करून ठेवा."